तार तुटली तर काय?

गॅसवर चालणाऱ्या मोठ्या बॉयलरच्या बर्नरकडे जाणारी पाइपलाइन पाहिली, तर तिच्यावर एकापाठोपाठ एक असे दोन शटऑफ व्हॉल्व्ह दिसतात. त्या दोघांच्या मधून एक बारीक फाटा निघून छपराबाहेर गेलेला असतो आणि त्या फाट्यावर तिसरा व्हॉल्व्ह असतो. बॉयलर चालू असताना पहिले दोन उघडे, तिसरा बंद. ज्वाला विझली, गॅसचा दाब मर्यादेबाहेर गेला, ड्रममधलं पाणी फार खाली उतरलं किंवा कुणी लाल बटण दाबलं, की पहिले दोन मिटतात आणि तिसरा उघडतो. पहिल्या व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकून थोडा गॅस झिरपलाच, तरी तो मधल्या फाट्यातून उघड्या हवेत जातो, भट्टीत साचत नाही. ज्वाला विझलेल्या पण तापलेल्या भट्टीत साचलेला गॅस हा बॉयलर चालवणाऱ्यांचा सर्वांत जुना शत्रू. त्याच्यासाठी ही सगळी मांडणी.

या व्हॉल्व्हना हुकूम देणारी वस्तू मात्र मुठीत मावण्याएवढी असते. ती म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह. आत तांब्याच्या तारेची कॉइल, कॉइलच्या पोकळीत सरकणारा लोखंडी प्लंजर आणि त्याला परत ढकलणारी एक छोटी स्प्रिंग. कॉइलला वीज मिळाली की तिचं चुंबक होतं, प्लंजर ओढला जातो, हवेची वाट मोकळी होते आणि इन्स्ट्रुमेंट एअर मोठ्या व्हॉल्व्हच्या ॲक्च्युएटरमध्ये शिरते. ही हवा ॲक्च्युएटरमधली जाड स्प्रिंग दाबत व्हॉल्व्ह उघडते. वीज थांबली की प्लंजर परत जागेवर येतो, हवेचा पुरवठा तुटतो आणि ॲक्च्युएटरमध्ये कोंडलेली हवा तिसऱ्या छिद्रातून बाहेर पडते. मग जाड स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते.

या रचनेत शक्तीची वाटणी कशी केली आहे ते पाहण्यासारखं आहे. व्हॉल्व्ह उघडा ठेवायला वीज हवी, हवेचा दाब हवा, पॅनेलपासून व्हॉल्व्हपर्यंतची तार अखंड हवी. बंद व्हायला यांतलं काहीही लागत नाही, कारण बंद करण्यासाठी लागणारी ऊर्जा उघडतानाच स्प्रिंगमध्ये भरून ठेवलेली असते. त्यामुळे वीज गेली, फ्यूज उडाला, कॉइल जळाली, उंदराने केबल कुरतडली, कॉम्प्रेसर बंद पडला, तरी सगळ्याचा शेवट एकच होतो. गॅस बंद. सेफ्टी सर्किटच्या प्रत्येक तारेला, प्रत्येक स्क्रूला विचारायचा प्रश्न हाच: तू तुटलास, सैल झालास, तर काय होईल?

हा प्रश्न कारखान्यांच्या आधी रेल्वेने विचारला आणि त्याची किंमतही आधी रेल्वेनेच मोजली. जॉर्ज वेस्टिंगहाउसचा १८६९ मधला पहिला एअर ब्रेक सरळ होता. इंजिनातून हवा सोडली की चाकांवर ब्रेक लागायचे. म्हणजेच नळी फुटली तर ब्रेक गेलेच. १८७२ मध्ये त्याने ही रचना उलटी केली. प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी ठेवली आणि गाडीभर जाणाऱ्या नळीतला दाब कायम राखायचा असं ठरवलं. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले. दाब घटला, मग तो ड्रायव्हरने घटवला असो वा नळी तुटून घटला असो, की प्रत्येक डब्याची टाकी स्वतःच ब्रेक लावते. त्याच वर्षी अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने रुळांतून सतत वाहणाऱ्या विजेवर सिग्नल चालवण्याची पद्धत शोधली. रूळ तुटला, बॅटरी उतरली किंवा गाडी आली, की सिग्नल धोक्याचा.

तरीही अनेक रेल्वे कंपन्या साध्या ब्रेकवरच चालत राहिल्या. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावाहून संडे स्कूलमधल्या मुलांची सहलीची गाडी निघाली. चढावर इंजिनाची ताकद संपली. पुढचे डबे आधी वर न्यावेत आणि मागचे नंतर, असं ठरवून गाडी दोन भागांत सोडवली. त्या गाडीचा व्हॅक्यूम ब्रेक साधा होता. इंजिन जोडलेलं असेल तरच तो लागायचा. डबे सुटले तसे मागच्या डब्यांचे ब्रेकही सुटले. उरला तो गार्डच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांखाली टाकलेले दगड. मागचे डबे उतारावरून घरंगळत गेले आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली, त्यांत मुलं बरीच होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. ‘तुटलं तर थांबलं पाहिजे’ हे तत्त्व त्या दिवसापासून तिथे कायद्यात आहे. आपल्या बोरघाटात उतरणाऱ्या गाड्यांसाठी असलेल्या कॅच सायडिंगमागेही हाच विचार आहे. तिथले सांधे एरवी चढ्या सायडिंगकडेच लावलेले असतात. गाडी थांबते, ब्रेक ताब्यात असल्याचं दाखवते, तेव्हाच तिला पुढची वाट मिळते.

आता पुन्हा पॅनेलकडे येऊ. कागदावर सोलेनॉइडचं सर्किट इतकं सोपं दिसतं की त्यात चुकण्यासारखं काय आहे, असं वाटावं. २४ व्होल्टचा डीसी पुरवठा, एक फ्यूज, ट्रिपचा (म्हणजे धोका आल्यावर बंद करण्याचा) कॉन्टॅक्ट, कॉइल. सगळं ठीक असताना कॉन्टॅक्ट मिटलेला आणि कॉइलमध्ये वीज वाहत असते. धोका आला की कॉन्टॅक्ट उघडतो. प्रश्न असा, की हा कॉन्टॅक्ट कॉइलच्या कोणत्या बाजूला ठेवायचा? प्लसकडून येणाऱ्या तारेवर, की मायनसकडे परत जाणाऱ्या तारेवर? दोन्हीकडे ठेवून पाहा. चाचणीत दोन्ही सर्किटं अगदी सारखी वागतात.

फरक दिसतो तो पावसाळ्यात. कॉन्टॅक्ट मायनसच्या बाजूला आहे आणि पुरवठ्याचा मायनस अर्थ केलेला आहे, असं धरू. जंक्शन बॉक्सच्या सैल ग्लँडमधून पाणी शिरलं आणि कॉइल ते कॉन्टॅक्ट या तारेचा उघडा भाग बॉक्सच्या लोखंडाला टेकला. कॉइलमधून आलेल्या करंटला आता परतीची नवी वाट मिळाली: बॉक्स, केबल ट्रे, अर्थिंग आणि तिथून थेट मायनस. ट्रिपचा कॉन्टॅक्ट या वाटेवर लागतच नाही. तो उघडा झाला तरी कॉइल भरलेली आणि व्हॉल्व्ह उघडाच. फ्यूज उडत नाही, कारण करंट कॉइलमधूनच जातो आहे, नेहमीएवढाच. पॅनेलवर काही दिसत नाही, अलार्म वाजत नाही, बॉयलर व्यवस्थित चालू असतो. सुरक्षा मात्र संपलेली असते आणि ते कुणालाही माहीत नसतं.

तोच कॉन्टॅक्ट प्लसच्या बाजूला ठेवा. तीच तार, तोच बॉक्स, तेच पाणी. आता कॉन्टॅक्ट आणि कॉइल यांच्यामधली तार लोखंडाला टेकली, तर प्लस सरळ अर्थवर जातो, फ्यूज उडतो, कॉइल सुटते, व्हॉल्व्ह मिटतो. प्लांट ट्रिप झाला म्हणून शिफ्टमध्ये धावपळ होते, बोलणी बसतात, पण बिघाड तासाभरात सापडतो. मला या विषयातली ही जोडी सर्वांत शिकवणारी वाटते. सामान तेवढंच, खर्च तेवढाच, चाचणीचा निकाल तोच. एका मांडणीत बिघाड स्वतःहून समोर येतो, दुसरीत लपून बसतो.

पुरवठा अर्थ न करता तरंगता ठेवला तर? काही जण तो तसा ठेवतात, कारण एका ठिकाणी तार टेकली तरी काम अडत नाही. पण ते पहिलं टेकणं कळलंही नाही, तर दुसऱ्याची वाट पाहणं सुरू होतं. कॉन्टॅक्टच्या आधी प्लस टेकलेला आणि कॉन्टॅक्टच्या नंतरची तारही टेकलेली, म्हणजे कॉन्टॅक्टला वळसा घालून अर्थमधून कॉइलला वीज मिळते. म्हणून तरंगत्या पुरवठ्यावर अर्थ फॉल्ट दाखवणारं यंत्र हवं आणि त्याचा दिवा लागला की त्याच दिवशी बिघाड शोधला जायला हवा. अनेक तारांच्या एकाच केबलमध्ये शेजारच्या भरलेल्या तारेचं आवरण वितळून ती कॉइलच्या तारेला चिकटणं, हा आणखी एक प्रकार. त्यासाठी प्लस आणि मायनस दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारे कॉन्टॅक्ट वापरतात, आणि ट्रिपच्या तारांना स्वतंत्र केबल देतात.

कॉन्टॅक्टचाही भरवसा धरता येत नाही. कॉइलमधला करंट अचानक तोडला की तिच्यातलं चुंबकत्व कोसळताना शेकडो व्होल्टचा झटका उलट दिशेने मारतं. कॉन्टॅक्टच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडते, धातू खरवडला जातो आणि कधीतरी दोन्ही टोकं वितळून एकमेकांना चिकटतात. चिकटलेला रिले म्हणजे कधीच न येणारा ट्रिप. उपाय म्हणून कॉइलला समांतर डायोड लावतात. झटका डायोडमधून फिरून जिरतो. त्याने कॉइल सुटायला थोडा उशीर होतो, काही मिलिसेकंदांपासून काही दशक मिलिसेकंदांपर्यंत. बॉयलरला तो चालतो, वेगवान प्रेसच्या क्लचला कदाचित नाही. सेफ्टीसाठीचे खास रिले असतात, त्यांतले सगळे कॉन्टॅक्ट यांत्रिकरीत्या एकमेकांना बांधलेले असतात. एक चिकटला तर त्याच्या उलटा असलेला कॉन्टॅक्ट मिटू शकत नाही, आणि त्यावरून बिघाड पकडता येतो.

नव्या काळाने आणखी एक अडचण आणली आहे. पूर्वीची १० वॅटची कॉइल २४ व्होल्टवर ४०० मिलिअँपिअरहून जास्त करंट घ्यायची. आता अर्ध्या वॅटच्या कॉइल मिळतात, त्यांना २० मिलिअँपिअर पुरतात. विजेची बचत होते, कॉइल तापत नाही, हे चांगलंच. पण एकदा ओढलेला प्लंजर धरून ठेवायला तो ओढण्यापेक्षा बराच कमी करंट लागतो, कारण मधली फट मिटलेली असते. आणि इलेक्ट्रॉनिक आउटपुट कार्ड ‘बंद’ असतानाही त्यातून थोडा करंट झिरपत असतो. मोठ्या कॉइलला ते जाणवायचंही नाही. छोटी कॉइल त्या झिरपण्यावर तगून राहू शकते. २३० व्होल्ट एसीवर तर कार्डचीही गरज नाही. काहीशे मीटर लांब केबलमध्ये भरलेली तार आणि कॉइलची तार शेजारी धावत असतील, तर त्या दोघींमध्ये कपॅसिटर तयार होतो आणि कॉन्टॅक्ट उघडा असूनही छोटा रिले सुटत नाही. म्हणून कॉइल निवडताना ती कितीला ओढते याइतकंच, ती कितीला सोडते हे विचारावं लागतं. अनेक खरेदीपत्रांत हा दुसरा आकडा लिहिलेलाच नसतो.

लांब केबलचा उलटा त्रासही आहे, पण तो निरुपद्रवी बाजूचा. १० वॅटची कॉइल ५०० मीटर दूर असेल आणि केबल १.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन सुमारे १२ ओहम रोध होतो आणि २४ पैकी जेमतेम २० व्होल्ट कॉइलपर्यंत पोहोचतात. मग ती नीट ओढत नाही, कारण नसताना सुटते. जाड केबल घालणं हा त्यावर एक उपाय.

इथवर सगळी चर्चा वीज काढून घेण्याची झाली. पण वीज काढून घेतली म्हणजे काम झालं, असं नाही. त्यापुढे एका लोखंडी तुकड्याला प्रत्यक्ष हलायचं असतं.

फेब्रुवारी १९८३ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेलम अणुवीज केंद्रात हे दिसलं. तिथे सोलेनॉइड व्हॉल्व्ह नव्हता, सर्किट ब्रेकर होते, पण तत्त्व हेच. नियंत्रक कांड्या वर धरून ठेवणारी वीज दोन ब्रेकरमधून जायची. दोन्ही एकामागे एक जोडलेले, म्हणजे एक जरी उघडला तरी कांड्या खाली पडून अणुभट्टी बंद. प्रत्येक ब्रेकरला एक कॉइल होती. तिची वीज तोडली की तिने ब्रेकर उघडायचा. २५ फेब्रुवारीला एका स्टीम जनरेटरमधलं पाणी खाली गेलं, स्वयंचलित यंत्रणेने अचूक ओळखलं, दोन्ही कॉइलची वीज तोडली. दोन्ही ब्रेकर मिटलेलेच राहिले. यंत्रणेचे भाग झिजलेले होते, वंगणाची देखभाल नीट झालेली नव्हती. ऑपरेटरांनी अर्ध्या मिनिटाच्या आत हाताने बटण दाबलं. ते बटण आणखी एका, वीज देऊन चालणाऱ्या कॉइललाही जोडलेलं होतं. तिने काम केलं आणि अणुभट्टी बंद झाली. मग नोंदी तपासताना कळलं की हेच तीन दिवसांपूर्वी, २२ फेब्रुवारीलाही घडलं होतं. त्या वेळी ऑपरेटरने जवळजवळ त्याच क्षणी बटण दाबल्यामुळे स्वयंचलित ट्रिप चुकल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढे नियामकांनी स्वयंचलित ट्रिपचा हुकूम त्या दुसऱ्या कॉइललाही द्यायला लावला. दोन्ही ब्रेकर एकाच जातीचे, एकाच खोलीतले, एकाच पद्धतीने सांभाळलेले होते. म्हणून ते एकत्रच अडकले. दोन नग बसवले म्हणजे सुरक्षा दुप्पट झाली, हा हिशेब अशा ठिकाणी चालत नाही.

सोलेनॉइडच्या नशिबी तर महिनोन् महिने एकाच जागी थांबणं असतं. भरलेली कॉइल गरम असते, त्या उष्णतेने आतलं रबर कडक होतं, कॉम्प्रेसरमधून आलेलं तेल चिकट होतं आणि प्लंजर जागीच धरला जातो. बाहेरची संकटं वेगळीच. ज्या छिद्रातून ॲक्च्युएटरची हवा बाहेर पडायची, ते बारीक, कोरडं आणि सुरक्षित भोक कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला फार आवडतं. रंगारी ते रंगाने बुजवतात. कधी वाहतुकीसाठी लावलेलं प्लास्टिकचं बूच तसंच राहून जातं. वीज तुटते, प्लंजर पडतो, हवेला मात्र बाहेर पडायला वाट नसते. त्या छिद्राला जाळी लावणं हे काही रुपयांचं काम आहे. सोलेनॉइड कुठे बसवला आहे, तेही पाहावं लागतं. नियंत्रणाचा व्हॉल्व्ह असेल तर तो किती उघडायचा ते ठरवणारा पोझिशनर आणि ॲक्च्युएटर यांच्यामध्ये सोलेनॉइड बसवावा, म्हणजे पोझिशनर काहीही सांगत असला तरी हवा सुटते.

चालू प्लांटमध्ये व्हॉल्व्ह पूर्ण मिटवून पाहता येत नाही, म्हणून आता तो १० ते २० टक्के हलवून परत आणण्याची चाचणी करतात. दांडा अडकला आहे का, सोलेनॉइड सुटतो का, हे त्यातून कळतं. सीट गळते का, हे कळत नाही. त्यासाठी शटडाउनमध्ये पूर्ण चाचणी लागतेच, आणि ती पॅनेलमधल्या सिम्युलेशन बटणाने न करता प्रत्यक्ष सेन्सरपासून व्हॉल्व्हपर्यंत व्हायला हवी. प्रक्रिया उद्योगांसाठीचं आयईसी ६१५११ हे २००३ मध्ये आलेलं आंतरराष्ट्रीय मानक हिशेबात या चाचण्यांचं अंतरही धरतं. त्यातल्या सुरक्षेच्या भरवशाच्या एसआयएल २ या पातळीचा अर्थ असा, की शंभर ते हजार वेळा गरज पडली तर एकदाच दगा मिळावा. चाचणीचं अंतर दुप्पट केलं की दग्याची शक्यताही जवळपास दुप्पट होते.

जिथे थांबणंच धोक्याचं, तिथे सगळं उलटतं. खोलीत आग विझवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड सोडणारी यंत्रणा वीज गेल्याबरोबर सुटली, तर आतली माणसं गुदमरतील. तिथे कॉइलला वीज देऊनच वायू सोडतात. मग तार तुटली तर काय, याचं उत्तर ‘काहीच होणार नाही’ असं येतं, आणि ते मान्य करण्यासारखं नसतं. म्हणून त्या तारेतून सतत एक क्षीण करंट सोडतात, कॉइल ओढणार नाही इतका कमी, आणि तो तुटला की अलार्म वाजतो. शिवाय बॅटरी ठेवतात.

कारण नसताना येणारा ट्रिपही फुकटचा नसतो. मोठा प्लांट बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत उत्पादन बुडतं, आणि सुरू करण्याचा काळ हाच सर्वांत नाजूक असतो. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी तीन सेन्सर ठेवून त्यांतल्या दोघांचं ऐकतात. सोलेनॉइडही दोन ठेवता येतात: एक जरी सुटला तरी व्हॉल्व्ह मिटावा, किंवा दोन्ही सुटले तरच मिटावा. पहिल्या मांडणीत खोटे ट्रिप वाढतात, दुसरीत ट्रिप अडवायला एक अडकलेला प्लंजर पुरतो. भट्टीच्या गॅसवर मी पहिलीच मांडणी निवडेन. पण खोटे ट्रिप वारंवार येऊ लागले की तारापूर असो, रसायनी असो वा लोटे, रात्रपाळीत एक प्रश्न येतोच: “साहेब, सकाळपर्यंत जंपर टाकू का?” तारेचा तो बोटभर तुकडा वर सांगितलेल्या सगळ्या मांडणीला एका क्षणात वळसा घालतो. जंपरची नोंद, त्यावर सही आणि काढायची वेळ, हे त्याच्याबरोबरच लिहिलं गेलं नाही, तर तो टर्मिनलवर वर्षानुवर्षं राहतो. खोट्या ट्रिपचं मूळ शोधून काढणं, हाच जंपरवरचा खरा उपाय.

२९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरजवळ सीतापुरा इथल्या इंडियन ऑइलच्या टर्मिनलमध्ये पाइपलाइनवरच्या हॅमर ब्लाइंड व्हॉल्व्हमधून पेट्रोल उसळलं. वाफेमुळे जवळ जाणं अशक्य झालं आणि टाकीचा व्हॉल्व्ह दुरून बंद करण्याची सोय कामात नव्हती. तासाहून अधिक काळ पेट्रोल वाहत राहिलं, मग स्फोट झाला. ११ जण गेले. चौकशी करणाऱ्या एम. बी. लाल समितीने टाकीच्या तोंडावरच दुरून बंद होणारा, बिघाड झाल्यास आपोआप मिटणारा आणि आगीत टिकणारा व्हॉल्व्ह बसवायला सांगितलं. तिने त्याला आणखी एक अट घातली: कंट्रोल रूममधून तो फक्त बंद करता यावा. उघडायचा असेल तर माणसाने तिथे जावं.

ही अट बॉयलरच्या सोलेनॉइडलाही लागू पडते. वीज दहा सेकंद गेली आणि परत आली, कॉन्टॅक्ट पुन्हा मिटला, तर साधा सोलेनॉइड लगेच ओढेल आणि ज्वाला नसलेल्या भट्टीत गॅस सोडेल. म्हणून सेफ्टी सर्किटमध्ये रिले एकदा सुटला की रीसेट दाबल्याशिवाय परत भरत नाही, आणि अनेक ठिकाणी सोलेनॉइडलाच हाताने उचलायची लिव्हर असते. वीज परत आली तरी लिव्हर उचलेपर्यंत हवा पुढे जात नाही. ती उचलण्याआधी पंखा चालवून भट्टीतली हवा पुरती बदलायची, ट्रिप का आला ते पाहायचं आणि मग व्हॉल्व्हपाशी जायचं. ट्रिपपासून रीसेटपर्यंतचं अंतर चालत कापावं लागतं, ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. वाटेत त्या माणसाला गॅसचा वास येऊ शकतो, गळती दिसू शकते.